नाथ पै यांचे विधेयक आणि जर्मनीचा धडा

भारताच्या राज्यघटनेला जोडलेले नववे परिशिष्ट सहसा कोणी वाचत नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते जोडले गेले, तेव्हा त्यात फक्त १३ कायदे होते. पहिला बिहारचा जमीनसुधारणा कायदा, दुसरा मुंबई राज्याचा कूळकायदा. पाचव्या क्रमांकावर पंचमहालातली मेहवासी पद्धत रद्द करणारा कायदा आणि त्याच्या लगेच खाली, सहाव्या क्रमांकावर, मुंबईचा खोती निर्मूलन कायदा. बडोद्याशेजारचा डोंगराळ पंचमहाल आणि रत्नागिरीचे लाल मातीचे कोकण या एका यादीत एकाखाली एक उभे आहेत. तेरांतले सहा कायदे एकट्या मुंबई राज्याचे होते. मेहवासी, तालुकदारी, खोती, परगणा आणि कुलकर्णी वतन ही नावे आज इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक असतील. त्या काळी मात्र कुळाच्या खळ्यावरून किती धान्य उचलले जाईल आणि त्याच्या घरात किती उरेल, हे या नावांवर ठरत होते.

हे कायदे घटनेच्या कवचाखाली का ठेवावे लागले? घटना लागू झाल्यानंतर वर्षभरातच जमीनदार न्यायालयात गेले. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा कायदा रद्द केला. ज्या कायद्यांसाठी शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या लढल्या, ते असेच एकामागून एक कोसळतील अशी धास्ती दिल्लीत निर्माण झाली. म्हणून संसदेने घटनाच दुरुस्त केली आणि या परिशिष्टातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान देता येणार नाही, असे लिहून टाकले. त्याच वर्षी शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

भारतीय समाजवाद्यांच्या एका पिढीचा न्यायालयांविषयीचा दृष्टिकोन या अनुभवातून घडला. संसद म्हणजे कुळाचा आवाज आणि मूलभूत हक्क म्हणजे खोतासारख्या जमीनदाराची ढाल, असे चित्र त्यांच्या मनात पक्के झाले होते. त्यात बरेच तथ्यही होते. या पिढीतला एक अत्यंत तेजस्वी माणूस कोकणातून लोकसभेत गेला आणि त्याने एक विधेयक मांडले. ते कधीच संमत झाले नाही. तरी पुढच्या बारा वर्षांतला भारतीय घटनेचा इतिहास त्या विधेयकाने उभ्या केलेल्या प्रश्नाभोवती फिरला. आणि त्या प्रश्नाचे एक उत्तर जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट राजकारण्यांनी आपल्या रक्ताची किंमत मोजून आधीच शोधून ठेवले होते.

बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात झाला. शिक्षण बेळगावात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास घडला, आणि स्वातंत्र्यानंतर लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. युरोपात त्यांचा वावर समाजवादी युवकांच्या चळवळीत होता. पन्नासच्या दशकात ते ‘इंटरनॅशनल युनियन ऑफ सोशलिस्ट यूथ’ या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. तिचे मुख्यालय व्हिएन्नात होते. त्यांच्या पत्नी क्रिस्टल यासुद्धा ऑस्ट्रियाच्याच. ज्या व्हिएन्नात फेब्रुवारी १९३४ मध्ये सरकारी सैन्याने कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या आणि मार्च १९३८ मध्ये हिटलर विजयी वीरासारखा उतरला, त्या शहरातल्या माणसांशी नाथ पै यांचे असे घरचे नाते जडले.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. १९६२ आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले. गोवामुक्ती, बेळगावचा सीमाप्रश्न, १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप, परराष्ट्र धोरण अशा प्रत्येक विषयावर त्यांचे भाषण ऐकायला सभागृह भरत असे. पंडित नेहरूंवर ते कठोर टीका करत आणि नेहरू ती लक्ष देऊन ऐकत. वाद हे लोकशाहीचे भूषण आहे, यावर त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेमुळेच त्यांच्या मनात संसदेचे स्थान सर्वांत वरचे होते.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. जालंधरच्या एका कुटुंबाकडे ५०० एकरांहून अधिक जमीन होती. पंजाबच्या कायद्याने प्रत्येकाला ३० एकर ठेवून बाकीची अतिरिक्त ठरली. अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने सांगितले की संसदेला इथून पुढे मूलभूत हक्क संकुचित करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. जुन्या दुरुस्त्या सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी अबाधित ठेवल्या, पण पुढचा रस्ता बंद केला. एका मताच्या फरकाने, दोन तृतीयांश बहुमतालाही जे करता येणार नाही त्याची सीमा आखली गेली.

एप्रिल १९६७ मध्ये नाथ पै यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणले. मागणी साधी होती. संसदेला कलम ३६८ नुसार घटनेतली कोणतीही तरतूद, म्हणजे मूलभूत हक्कसुद्धा, दुरुस्त करता येतील हे घटनेतच स्पष्ट लिहावे. विरोधी बाकावरच्या एका समाजवाद्याने मांडलेल्या या विधेयकाला काँग्रेस सरकारची सहानुभूती मिळाली आणि ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. देशभरातले वकील, संपादक, निवृत्त न्यायाधीश दोन तटांत विभागले गेले. ‘नाथ पै विधेयक’ हे शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रुळले.

त्यांच्या बाजूचा युक्तिवाद हलका नव्हता. घटना लोकांसाठी आहे, लोक घटनेसाठी नाहीत. एका पिढीने लिहिलेला मजकूर पुढच्या सर्व पिढ्यांना जखडून ठेवू लागला, तर बदलाची वाट शोधणारे लोक सभागृहाबाहेर पडतील, आणि तिथली वाट शांततेची नसते. ज्या देशात कोट्यवधी माणसे भूमिहीन आहेत तिथे मालमत्तेचा हक्क अढळ मानणे म्हणजे त्या माणसांना तुमचे मत मोजले जाईल पण त्याने काही बदलणार नाही, असे सांगणे होय. खोतीच्या प्रदेशातून निवडून आलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. खोती कायद्याने जायला त्यानंतर एक तप उलटले. ही दिरंगाई कोकणातल्या कुळाने सोसली होती.

पण नेमक्या या प्रश्नाचा दुसरा चेहरा जर्मनीने पाहिला होता.

२३ मार्च १९३३. बर्लिनमधली संसदेची इमारत महिनाभरापूर्वी जळाली होती, म्हणून अधिवेशन क्रोल ऑपेरा या नाट्यगृहात भरले. आगीच्या दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमाने नागरिकांचे हक्क स्थगित झाले होते. कम्युनिस्टांचे ८१ सदस्य निवडून येऊनही त्यांना आत येता आले नाही. कोणी तुरुंगात होते, कोणी भूमिगत. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या १२० सदस्यांपैकी ९४ जण पोहोचू शकले. दारांत आणि बाकांच्या कडेने हिटलरची गणवेशधारी पथके उभी होती. चर्चेला होता सक्षमता कायदा: पुढची चार वर्षे मंत्रिमंडळाने संसदेशिवाय कायदे करावेत, ते घटनेला सोडून असले तरी चालतील.

पक्षाचे अध्यक्ष ओट्टो वेल्स बोलायला उठले. बर्लिनमध्ये जन्मलेला, भिंतींना कागद लावणे आणि गाद्या-खुर्च्या मढवणे हा व्यवसाय शिकलेला कारागीर, कामगार संघटनेतून वर आलेला. वय ५९. अटक झालीच तर छळाआधी जीव संपवता यावा म्हणून त्यांच्या खिशात विषाची कुपी होती. आमचे स्वातंत्र्य आणि आमचे प्राण तुम्ही घेऊ शकाल, आमची अब्रू घेऊ शकणार नाही, अशा आशयाचे ते भाषण जर्मनीच्या संसदीय इतिहासातले सर्वांत मोठे भाषण मानले जाते. मतदान झाले. कायद्याच्या बाजूने ४४४, विरोधात ९४. विरोधातले प्रत्येक मत सोशल डेमोक्रॅटांचे होते. जूनमध्ये त्यांच्या पक्षावर बंदी आली. वेल्स परागंदा झाले आणि महायुद्ध पेटल्यानंतर पंधरवड्यात, सप्टेंबर १९३९ मध्ये, पॅरिसला वारले.

त्या दिवशी जर्मनीची घटना कोणी फाडली नाही, ती औपचारिकपणे कधी रद्दही झाली नाही. घटनेत सांगितलेले दोन तृतीयांश बहुमत, दहशतीच्या छायेत का होईना, मोजून दाखवले गेले. घटनेने स्वतःच्या बदलाला कोणतीही सीमा घातली नव्हती. त्यामुळे घटनेच्याच पद्धतीने तिचा प्राण घेता आला.

या धड्याला कायद्याची भाषा देण्याचे काम पुढे ज्यांच्याकडे आले, त्यांत सोशल डेमोक्रॅट पक्षाचे कार्लो श्मिड अग्रभागी होते. वेल्स कारागीर, तर श्मिड विद्वान. १८९६ मध्ये फ्रान्समधल्या पर्पिन्यां इथे त्यांचा जन्म झाला. आई फ्रेंच, वडील जर्मन. ट्युबिंगेन विद्यापीठात ते आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. नाझी राजवटीत त्यांची बढती रोखली गेली. महायुद्धात ते व्यापलेल्या फ्रान्समध्ये लील इथे लष्करी प्रशासनाचे कायदा सल्लागार होते आणि हिटलरविरोधी वर्तुळातल्या हेल्मुट फॉन मोल्टके यांच्याशी त्यांचा संपर्क होता. बोदलेअरच्या कवितांचे जर्मन भाषांतर करणारा हा माणूस युद्ध संपल्यावर राजकारणात उतरला, कारण विद्वानांनी राजकारण इतरांवर सोडले याचे फळ त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

१ सप्टेंबर १९४८ रोजी बॉनमध्ये ६५ सदस्यांची संसदीय परिषद भरली. अध्यक्ष होते कोनराड आडेनाउअर. प्रत्यक्ष मसुद्याचे काम करणाऱ्या मुख्य समितीचे अध्यक्ष कार्लो श्मिड. सुरुवातीच्याच एका भाषणात त्यांनी सांगितले की लोकशाहीचा वापर करून लोकशाहीला ठार मारू पाहणाऱ्यांच्या बाबतीत असहिष्णू होण्याचे धैर्य लोकशाहीत हवे. २३ मे १९४९ रोजी जाहीर झालेल्या मूलभूत कायद्याच्या ७९ व्या कलमात हे धैर्य उतरले. घटना दोन तृतीयांश बहुमताने बदलता येईल, पण काही गोष्टींना कोणतेही बहुमत हात लावू शकणार नाही: माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही, सामाजिक राज्याचे तत्त्व, संघराज्याची रचना. जर्मन लोक याला अनंतकाळाची हमी म्हणतात.

या यादीत काय नाही, हे तितकेच महत्त्वाचे आहे. तिच्यात मालमत्ता नाही. मूलभूत कायद्याच्या चौदाव्या कलमात मालमत्तेला संरक्षण आहे, पण लगेच पुढे लिहिले आहे की मालमत्ता जबाबदारी घेऊन येते आणि तिचा वापर सार्वजनिक हिताचाही असला पाहिजे. पंधराव्या कलमाने जमीन आणि उत्पादनाची साधने भरपाई देऊन समाजाच्या मालकीची करण्याची मुभा ठेवली आहे. माणसाला हात लावता येणार नाही, त्याच्या इस्टेटीला लावता येईल, असा भेद बॉनच्या समितीने स्वच्छपणे केला. गोलकनाथच्या निकालात हा भेद नव्हता. तिथे ५०० एकरांची मालकी आणि विनाकारण तुरुंगात न जाण्याचा हक्क यांना सारखेच संरक्षण मिळाले. नाथ पै यांच्या विधेयकातही हा भेद नव्हता. तिथे दोन्ही सारख्याच प्रमाणात संसदेच्या हाती आले.

बॉनचा विचार भारतात पोहोचला तो एका व्याख्यानातून. फेब्रुवारी १९६५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाचे तरुण विधिज्ञ डीट्रिख कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात घटनादुरुस्तीच्या अध्याहृत मर्यादांवर भाषण केले. त्यांनी श्रोत्यांना प्रश्न घातले. दोन तृतीयांश बहुमताने जगण्याच्या हक्काचे २१ वे कलम असे बदलता येईल का, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचाही प्राण घेता यावा? आपले बहुमत घसरत चालले असे दिसताच सत्ताधारी पक्षाला घटना बदलण्याचा सगळा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे सोपवता येईल का? घटनाच रद्द करून मोगल बादशाही परत आणता येईल का? बनारसच्या श्रोत्यांना हे प्रश्न पुस्तकी वाटले असतील. वक्त्याच्या देशाने त्यांतला दुसरा प्रश्न प्रत्यक्ष भोगला होता.

जवळजवळ त्याच वेळी सज्जनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयात दोन मराठी न्यायमूर्तींची मते वेगळी पडली होती. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार मान्य केला. न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी मात्र शंका नोंदवली: घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणे याला नुसती दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे म्हणायचे? आज भारतातला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो त्या मूलभूत चौकटीच्या सिद्धांताचे बीज या प्रश्नात आहे. गोलकनाथ खटल्यात ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी कॉनराड यांचा विचार न्यायालयासमोर ठेवला. न्यायालयाने निकाल वेगळ्या कारणावर दिला, पण विचार दप्तरात राहिला.

इकडे नाथ पै यांचे विधेयक संसदेच्या कामकाजात रेंगाळत होते. संयुक्त समितीचा अहवाल आला, चर्चा झाल्या, अंतिम मतदान मात्र झाले नाही. काँग्रेस फुटली. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले.  फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीयीकरणाचा तो कायदा रद्द केला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक राज्यसभेत अगदी काठावर पडले. मग सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली, आणि डिसेंबर १९७० मध्ये न्यायालयाने तो आदेशही रद्द केला. न्यायालय विरुद्ध गरीब माणूस असे चित्र आता गावोगावच्या सभांतून रंगवले जाऊ लागले.

२७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर नाथ पै यांचे विधेयकही मिटले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ जानेवारीला, ते बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी बोलले. त्याच रात्री हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. १८ जानेवारी १९७१. वय अवघे ४८. कोकण पोरके झाले, असे तेव्हा लोक म्हणाले. तो शब्दांचा फुलोरा नव्हता. आपल्या माशांचा, आपल्या मनीऑर्डरींचा, आपल्या नसलेल्या रेल्वेचा प्रश्न दिल्लीत मांडणारा आवाज त्या लोकांनी गमावला होता.

त्यांची कल्पना सहा महिन्यांत दुसऱ्याच्या हाती गेली. मार्चच्या निवडणुकीत प्रचंड बहुमत मिळवलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारचे कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी चोविसावी घटनादुरुस्ती मांडली. संसदेला घटनेतली कोणतीही तरतूद बदलता येईल. नाथ पै यांना हवे होते तेच. फरक इतकाच की नाथ पै यांनी हा अधिकार मागितला तेव्हा ते विरोधी बाकावर होते आणि तो कोणाही एका व्यक्तीच्या हातात जाईल अशी परिस्थिती नव्हती. आता एका पक्षाकडे दोन तृतीयांश होते आणि त्या पक्षात एकच आवाज उरला होता.

केरळमधल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनीसाठी केलेल्या याचिकेवर तेरा न्यायमूर्तींनी ६८ दिवस सुनावणी घेतली. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: संसदेला घटनेतले कोणतेही कलम बदलता येईल, मूलभूत हक्कांचेही, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे मत निर्णायक ठरले आणि त्यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयातून आलेले दोन न्यायमूर्ती, पालेकर आणि यशवंतराव चंद्रचूड, अल्पमतात होते. संसदेचा अधिकार अमर्याद आहे असे त्यांनी लिहिले. नाथ पै हयात असते तर त्या दिवशी त्यांनी कदाचित चंद्रचूडांचे निकालपत्र जवळचे मानले असते.

दोन वर्षांनी कॉनराड यांचे बनारसमधले प्रश्न दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. पंतप्रधानांच्याच निवडणुकीच्या खटल्याची सुनावणी ११ तारखेला होती. दुरुस्ती ७ ला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत संमत होऊन १० ला अमलात आली. दोन तृतीयांश बहुमत मोजून दाखवले गेले आणि विरोधी बाकांवरचे अनेक सदस्य त्या वेळी तुरुंगात होते. बर्लिनच्या त्या नाट्यगृहाशी या दृश्याची तुलना पूर्णपणे करता येणार नाही, दोन्ही देशांत जे घडले त्याच्या क्रौर्यात फार मोठे अंतर आहे. पण पद्धत ओळखीची होती.

राजापूरमधून १९७१ मध्ये नाथ पै यांच्या जागी निवडून आलेले प्राध्यापक मधु दंडवते तेव्हा बंगळूरच्या कारागृहात होते. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह दंडवते यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागितली होती. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ठरवले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते सारे निर्णय पुसले. आणीबाणीत २१ वे कलम स्थगित असताना कोणाही नागरिकाला आपल्या बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. चंद्रचूड बहुमतात होते. एकटे खन्ना विरोधात राहिले, आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून दिली. त्याच काळात समाजवादी खासदार मधु लिमये यांनी तुरुंगातून लोकसभेचा राजीनामा दिला. पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्या सभागृहाने स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतली होती आणि अशा सभागृहात बसण्याचा अधिकार आपल्याला मतदारांनी दिलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती.

वर्षाच्या शेवटी गोखल्यांनीच मांडलेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शेवटचा दरवाजाही लावून घेतला. कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात कोणत्याही कारणाने आव्हान देता येणार नाही, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही. नाथ पै यांनी कुळासाठी मागितलेले शस्त्र त्यांच्या स्वतःच्या सहकाऱ्यांना तुरुंगात डांबणाऱ्यांच्या हाती गेले होते.

यात नाथ पै यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी ज्या संसदेवर विश्वास टाकला ती त्यांनी स्वतः पाहिलेली संसद होती. तिथे पंतप्रधान विरोधकाचे भाषण शेवटपर्यंत ऐकत, तिथे एका खासदाराच्या तर्काने सरकारची भूमिका हलत असे. ती संसद मर्यादेत राहिली ती माणसांच्या संस्कारामुळे, घटनेतल्या एखाद्या कलमामुळे नव्हे. वेल्स आणि श्मिड यांच्या पिढीने हे शिकून घेतले होते की संस्कार एका निवडणुकीत विरून जाऊ शकतात आणि मग फक्त कागदावर लिहिलेली सीमा उरते. व्हिएन्नाशी घरोबा असलेल्या नाथ पै यांना युरोपचा हा इतिहास अपरिचित नव्हता. पण भारतात त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता तो खोत. हुकूमशहा अजून कोणाला दिसत नव्हता.

१९७७ मध्ये जनता सरकार आले. त्यात दंडवते रेल्वेमंत्री होते. या सरकारची सर्वांत टिकाऊ कामगिरी म्हणजे १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, आणि तिची दोन कलमे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. एका कलमाने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. २० जून १९७९ पासून तो केवळ कायदेशीर हक्क उरला. दुसऱ्या कलमाने सांगितले की आणीबाणीतसुद्धा २० आणि २१ ही कलमे स्थगित करता येणार नाहीत. म्हणजे जमिनीविषयी नाथ पै बरोबर होते, हे भारताच्या घटनेने मान्य केले. आणि माणसाच्या जिवाविषयी वेल्स आणि श्मिड बरोबर होते, हेही त्याच दुरुस्तीने मान्य केले. बॉनच्या समितीने १९४९ मध्ये केलेला भेद आपल्याला तीस वर्षांनी, आणीबाणीची किंमत मोजून, करता आला. घटनेच्या मूळ तत्त्वांत बदल करायचा तर जनतेचा कौल घ्यावा अशी तरतूदही त्या सरकारला हवी होती, पण राज्यसभेने ती होऊ दिली नाही.

उरलेले काम न्यायालयाने केले. ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेचाळिसाव्या दुरुस्तीतली ती अमर्याद अधिकाराची कलमे रद्द केली. मर्यादित अधिकार हेच घटनेचे एक मूलभूत वैशिष्ट्य आहे, असे त्या निकालात लिहिले गेले. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. १९७३ मध्ये संसदेचा अमर्याद अधिकार मानणारा न्यायाधीश सात वर्षांत या निष्कर्षापर्यंत आला. मला त्यात विसंगती दिसत नाही. देश ज्या अनुभवातून गेला त्यातून न्यायाधीशही गेला.

या सगळ्या चर्चेतला गरीब माणूस शेवटी कुठे पोहोचला? त्याचे उत्तर बडोद्याच्या उत्तरेला, मही नदीजवळच्या नंदेसरीसारख्या ठिकाणी शोधावे. नाथ पै यांचे विधेयक संसदेत पडून होते त्याच सुमारास तिथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक वसाहत उभी राहू लागली. रंगद्रव्ये, नायट्रेट, औषधांची रसायने. १९८३ मध्ये या पट्ट्याचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा सुरू झाला. अशा पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा जमीनदार आता खोत किंवा मेहवासी ठाकूर राहिलेला नाही. त्याची लढाई विहिरीच्या पाण्याची आहे, आणि त्या लढाईत त्याच्या हाती असलेले सर्वांत मोठे हत्यार म्हणजे २१ वे कलम. १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचाही समावेश होतो. ज्या मूलभूत हक्कांकडे समाजवाद्यांनी एके काळी श्रीमंताची ढाल म्हणून पाहिले, त्यांतला एक आज कारखान्याशेजारच्या गावकऱ्याची ढाल आहे.

म्हणून नाथ पै यांचे विधेयक हा फसलेला प्रयत्न म्हणून विसरून जाणे बरोबर नाही. कोणते हक्क बहुमताच्या वर आणि कोणते बहुमताच्या खाली, हा प्रश्न त्यांनी भारताला विचारायला लावला. ते विधेयक आले नसते तर मालमत्ता कदाचित आणखी बरीच वर्षे जिवाच्या पंगतीला बसून राहिली असती. त्यांनी दिलेले उत्तर अपुरे होते आणि ते अपुरेपण भरून काढण्यासाठी जर्मनीतल्या एका कारागिराचे भाषण, एका प्राध्यापकाचा मसुदा, बनारसमधले एक व्याख्यान आणि आपल्याच देशातले आणीबाणीचे एकवीस महिने खर्ची पडले. आज कोणत्याही पक्षाला मोठे बहुमत मिळाले की घटना बदलण्याची भाषा पुन्हा कानावर येते. तेव्हा प्रत्येक मतदाराने दोन गोष्टी विचारायला हव्यात. या बदलाने कोणाची मालकी सैल होणार आहे? आणि कोणाचे जगणे सत्तेच्या मर्जीवर येणार आहे? पहिल्यासाठी नाथ पै यांचे ऐकावे. दुसऱ्यासाठी ओट्टो वेल्स यांचे.